धुतलेलं तूप

अमरावती
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १७८५, सन १८६४

वडील बहीण गंगाभागीरथी मनकर्णाबाई यांस धाकट्या भगवंताचा दंडवत.

बाई, तुमच्या गाड्या दर्यापूरच्या वाटेला लागल्या आणि मी इथे कापसाच्या बाजारात अडकलो तो अजून सुटलो नाही. दूर कुठे साहेबांच्या मुलखाकडे लढाई पेटली आहे म्हणे, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसावर व्यापारी तुटून पडले आहेत. बाजारात गाडी वळवायला जागा नाही. वच्छलेला सासरी नांदायला पोचवायचे तर बापाने बरोबर असायला हवे होते. आई तर तिला नाहीच. पण अब्दुल गफ्फारच्या गाड्यांचा ताफा भरवशाचा आहे, त्याची बायको खातूनबी सोबतीला आहे, आणि तू आहेस. तूच तर तिला लहानाची मोठी केलीस.

दोन गोष्टी लिहायच्या होत्या. दिवाळीला विहीणबाई पार्बताबाई भेटल्या तेव्हा चार बायकांत म्हणाल्या, "तुमची पोरगी वावरात राबते का जी? रंग पार रापला तिचा." मी हसून वेळ मारून नेली, पण ते शब्द मनात राहिले. आठ वर्षांच्या वच्छलेचे लग्न लावले तेव्हा आपण आणि उत्तमराव व्याही बरोबरीचे होतो. आता त्यांनी अकोल्यात माडी बांधली आहे. म्हणून या पत्रासोबत एक डबी पाठवतो. मुंबईहून आलेल्या एका फेरीवाल्याकडून घेतली. हे मलम सकाळ-संध्याकाळ चोळले की कातडी उजळते, असे तो सांगत होता. अकोला येईपर्यंत नेमाने लावावे. तुझे डाळीचे पीठ आणि तेल घरी ठीक आहे, पण दिवस बदलले.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. अकोल्याला दारात उतरताना तू पुढे होऊ नकोस. मुलगी पहिल्यांदाच उंबरा ओलांडणार. एखादी सवाष्ण पुढे कर. तू समजून घेशील.

तुझा भगवंत


दर्यापूर
फाल्गुन शुद्ध चतुर्दशी

चिरंजीव भगवंतास मनकर्णेचा पोटभर आशीर्वाद.

पत्र आणि डबी मिळाली. दुसऱ्या गोष्टीबद्दल तू काळजी करू नकोस. एवढी वर्षं मला माझी जागा माहीत आहे.

उद्या होळी, परवा धुळवड. त्या दिवसांत गाडीवान बैल जुंपायचे नाहीत, म्हणून रंगपंचमीपर्यंत मुक्काम इथेच. मला बरंच झालं. नवरा गेल्यापासून मी चांदूरच्या वेशीबाहेर पाय टाकला नव्हता रे. आपला मुलूख इतका मोठा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! काळ्या जमिनीतून वाट जाते, आणि गाड्यांतून उडालेला कापूस दोन्हीकडच्या बाभळींना लटकलेला. ऊन मात्र आत्ताच भाजून काढतं. धूळ नाकातोंडात जाते, कापसाचा बारीक धागा घामाला चिकटतो आणि अंगभर खाज सुटते.

पण तुझी पोरगी मी जपून नेते आहे. सकाळी निघायच्या आधी तिच्या नाकाला, ओठांना आणि टाचांना तिळाचं तेल. दिवसभर तोंडावर ओला पातळ पदर. मुक्कामाला उतरलं की मसुरीचं पीठ ताकाच्या निवळीत कालवून हलक्या हातानं चोळायचं. वाटेत पळस असा फुलला आहे की डोळे दिपतात. त्याची फुलं रात्रभर पाण्यात टाकते आणि त्या पाण्यानं तिला न्हाऊ घालते. घामोळं जागच्या जागी बसलं.

अर्धी युक्ती खातूनबीची. तिचं माहेर तेला-अत्तराचं. पहिल्याच दिवशी मी गाडीतून उतरून भसाभसा तोंड धुवायला लागले, तर तिनं माझा हात धरला. "उनातून आल्याबरोबर पानी नोका मारू बाई, चमडी तडकते. आंदी सावलीत बसा, घाम वाळू द्या." राळ, मेण आणि तिळाचं तेल कढवून ती पायांच्या भेगांचं मलम करते. काल मी तिच्या शेजारी बसून ते घोटलं. गाडीवान पुंजारामाच्या टाचेत बोट जाईल एवढी भेग होती. मलम भरून दिलं तर म्हणतो, "मायबाई, माह्या बैलाच्या मानेलेबी लावा नं थोडं. जू घासून राहिलं त्याले." बैलालाही लावलं. तोही बिचारा मान वाकवून उभा राहिला.

आता डबीचं. भगवंता, मी ती उघडून हुंगली. वास बरा नाही. माझ्या मनगटाला लावून पाहिलं, तर थोड्या वेळानं चुरचुरलं. खातूनबीचं म्हणणं, असल्या गोऱ्या मलमात पाऱ्याचा रसकापूर घालतात आणि तो कातडी खातो. तेव्हा ही डबी तशीच परत न्यावी असं मला वाटतं. तुझ्या शब्दाबाहेर जायचं नाही, म्हणून विचारते. उलट टपाली कळव.

तुझी बाई


अमरावती
फाल्गुन वद्य द्वितीया

वडील बहिणीस दंडवत.

अजून अमरावतीतच आहे. मुद्दाम घोड्यावरून माणूस पाठवतो आहे, कारण गाड्या हलण्याआधी हे तुझ्या हाती पडायला हवे.

डबी परत आणू नये. चुरचुरते म्हणजे गुण येतो आहे, असे फेरीवाला म्हणालाच होता. मी मोठ्या हौसेने घेतली आहे. वच्छलेच्या अंगावर दागिना घालताना जेवढा आनंद झाला नाही तेवढा ती डबी घेताना झाला. खातूनबी भली बाई आहे, पण तिला आपल्या घरचे ओझे काय ठाऊक? तुलाही सगळे ठाऊक नाही.

लाव. एवढेच सांगणे.

भगवंत


अकोला
फाल्गुन वद्य द्वादशी

चिरंजीव भगवंतास आशीर्वाद.

अकोल्याला सुखरूप पोचलो. वच्छला ठीक आहे. घरप्रवेशाला दिवस चांगला नाही असं निघालं, म्हणून तूर्त आम्ही दोघी अब्दुल गफ्फारच्या इथल्या घराच्या अंगणातल्या खोलीत उतरलो आहोत. माझी चूल वेगळी, निंबाच्या झाडाखाली.

इकडे येणाऱ्या गाडीबरोबर एवढं पाठव: आपल्या पांढऱ्या गाईचं तूप, जेवढं असेल तेवढं सगळं. माझी तांब्याची परात. आणि जुनं मऊ धुवट लुगडं.

तू येण्याची घाई करू नकोस. कापसाचे दिवस आहेत. मी बोलावीन तेव्हा ये.

तुझी बाई


चांदूर बाजार
चैत्र शुद्ध तृतीया, शके १७८६

वडील बहिणीस दंडवत.

तुझे चार ओळींचे पत्र वाचून काही उमगले नाही. पाडवा झाला. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त गेला आणि घरप्रवेशाला दिवस मिळत नाही? मुलीला सासरच्या गावात नेऊन दुसऱ्याच्या अंगणात ठेवायचे, हे विहीणबाईंना कसे दिसेल? अब्दुल गफ्फार माझा मित्र आहे, त्याच्याबद्दल बोलत नाही. पण लोक बोलतात.

तूप, परात, लुगडे पाठवले आहे. एवढ्या तुपाचे करतेस काय? मला वाटते, तुला मोकळी हवा मानवली. मानवू दे. पण मुलीला तिच्या घरी पोचवून तू लौकर परत ये. इथे चूल सुनी आहे.

मलम लावतेस ना? उजळली का वच्छला?

भगवंत


चांदूर बाजार
चैत्र वद्य प्रतिपदा

मनकर्णाबाई,

तुझे उत्तर आले नाही, पण पुंजाराम गाडीवान आला. तो माझ्या नजरेला नजर देईना. खोदून विचारले तेव्हा बोलला. अकोल्याच्या बाजारात लोक म्हणतात, चांदूरच्या देशमुखाच्या पोरीला महारोग झाला, सासऱ्याने तिला दारातून परत लावली, आणि जावई गोवर्धनरावांसाठी दुसरी मुलगी पाहणे चालू आहे.

ती दुसरी मुलगी पाहण्याची कुणकुण मला अमरावतीलाच लागली होती. तुला लिहिले नाही, कारण तुला घोर नको होता. म्हणून तर ती डबी घेतली होती. आणि तू? तुझ्या हाती मी माझे एकच लेकरू दिले. "वच्छला ठीक आहे" असे लिहायला तुझे मन धजले कसे? तुझी पाने, तुझी फुले, तुझे पीठ! काय काय चोळलेस तिच्या तोंडाला? तुझ्या कपाळी जे आले ते तिच्याही कपाळी आणलेस का?

मी निघतो आहे. त्याआधी खरे काय ते लिही.

भगवंतराव


अकोला
चैत्र वद्य सप्तमी

चिरंजीव भगवंतास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. एकदा वाचलं आणि चुलीत घातलं, वच्छलेच्या हाती लागू नये म्हणून. राग बापाचा आहे, मी तो धरत नाही. पण आता सगळं लिहिते. थांबून थांबून वाच.

तुझा घोडेस्वार दर्यापूरला आला तेव्हाही मी डबी कनवटीला ठेवली होती. वच्छलेनं मागून घेतली. "आत्या, बाबानं एवढ्या हौसेनं पाठोलं, अन् मी लावलं नाही तं त्याईले वाईट नाही का वाटणार?" मी दिली. देणारे हात माझेच, त्यातून मी सुटत नाही.

गाड्या पूर्णेच्या काठाला लागेपर्यंत तिनं ते नेमानं लावलं. आधी लाली आली, आणि पोर खुश झाली. मग सकाळी उठली तर डोळे उघडेनात. गाल सुजून फोड आले होते. मी घाबरून जवळच्या विहिरीचं पाणी काढलं आणि तोंडावर घातलं. तो सगळा खारपाणपट्टा रे, पाणी मिठासारखं. पोरीनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे.

गाडीवान जमले. एकानं महारोगाचं नाव घेतलं आणि बाकीचे मागे सरले. "आमी नाही जाऊन राहिलो हिच्या संगं पुढं. हिले इथंच उतरवा." तेव्हा अब्दुल गफ्फार, ज्याला मी आजवर मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानं आपले बैल स्वतः जुंपले. म्हणाला, "ज्याले मांगं राहाचं त्यानं राहावं. पोरगी माह्या गाडीत बसली, माह्या गाडीतच अकोल्याले जाईन." पुंजाराम त्याच्या मागे गेला. मग एकेक करून सगळेच आले.

आणि खातूनबी! तिच्याजवळ गोड्या पाण्याची एक सुरई होती, दर्यापूरच्या मशिदीच्या आडातून भरून घेतलेली, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूसाठी. पूर्णा आटलेली, त्या टापूत दुसरं गोडं पाणी नव्हतं. तिनं ती अख्खी सुरई वच्छलेच्या तोंडावर धार धरून रिकामी केली. मलमाचा कण न् कण धुऊन काढला. मी म्हटलं, "अन् तुमच्या नमाजाचं?" तर हसली. "पानी नसलं तं मातीवर हात टेकून चालते बाई. अल्लाले समजते." आणि खरंच, मऊ मातीवर तळवे टेकवून तिनं तोंडावरून फिरवले आणि नमाजाला उभी राहिली. भगवंता, मी देवळात पुष्कळ बसले, पण देवाशी एवढं सरळ बोलणं मी पाहिलं नव्हतं.

अकोल्याला उत्तमरावांच्या दारी पोचलो. पार्बताबाई माडीच्या पायरीवर उभ्या होत्या, पदर गालावर घट्ट ओढलेला. वच्छलेचं तोंड मी झाकलं होतं, पण गाडीवानांची बातमी आमच्या आधी पोचली होती. "तिथंच थांबा. खाली उतरू नोका," एवढंच त्या बोलल्या आणि आत गेल्या. भर वस्तीत आमची गाडी उभी. खातूनबीनं विचारलं नाही, सांगितलं नाही, गाडी आपल्या घराकडे वळवली.

तुला काहून कळवलं नाही? तू आला असतास, पोरीचं तोंड पाहिलं असतंस, आणि जन्मभर आरशासमोर उभा राहू शकला नसतास. वच्छलेनंच मला शपथ घातली होती. "बाबाले सांगू नको आत्या. बरी झाल्यावर सांगू." फोडांनी ओठ हलत नव्हते, तरी हे बोलली. तुझी लेक काय आहे, हे मला या महिन्यात कळलं. मी आरसा लपवला, तर तिनं घागरीतल्या पाण्यात पाहून घेतलं. मला वाटलं, आता रडेल. म्हणाली, "चाल आत्या, रंगाची चिंता तं मिटली."

आता तुपाचं. परातीत तूप घ्यायचं, त्यात गार पाणी ओतायचं आणि तळव्यानं फेसायचं. पाणी सांडायचं, नवं घालायचं, पुन्हा फेसायचं. हात गळून येईपर्यंत. मग ते तूप लोण्यासारखं पांढरं आणि गार होतं. भाजलेल्या कातडीवर याच्याहून मवाळ काही नाही. लहानपणी तुझा हात चुलीत भाजला होता तेव्हा आईनं हेच केलं होतं. मी परात फेसायची आणि खातूनबी जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या भिजवून द्यायची. मी हळद घालायला गेले तर तिनं थांबवलं, उघड्या कातडीला ती झोंबेल म्हणून. दुपारी तोंडावर कोरफडीचा गर. दिवस सगळा निंबाच्या सावलीत.

पण त्याला पाणी गोडं लागतं, आणि या भागातल्या विहिरींचं पाणी मचूळ. दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. तिसऱ्या सकाळी फाटकाशी एक तरणा मुलगा उभा. खांद्यावर कावड, दोन्हीकडे घागरी. मान खाली. "आत्याबाई, पानी आणलं. मोर्णेपलीकडच्या मळ्यातलं हाये, गोडं."

मी ओळखलं नाही. विचारलं, तुम्ही कोण?

"गोवर्धन."

आपले जावई, भगवंता! मी म्हटलं, "तुमच्या आईले माहीत आहे का?"

"नाही."

"मंग काहून आणता?"

त्यानं घागरी खाली ठेवल्या. "माही बायको आहे नं ते."

त्या दिवसापासून रोज आले. कधी आत आले नाहीत, कधी तोंड दाखवा म्हणाले नाहीत. फोड सुकले, खपल्या धरल्या, खपल्या पडायला लागल्या, तरी घागरी येतच राहिल्या. वच्छला खिडकीच्या फटीतून पाहायची. नंतर नंतर ती घागरी यायच्या वेळेला वेणी घालून बसू लागली.

असं किती दिवस झाकून राहणार? एका सकाळी जावयांच्या मागोमाग दमणी आली आणि पार्बताबाई उतरल्या. रागानं लाल. "माह्या पोराले पानक्या करून ठेवलं तुमी!" मी वच्छलेला बाहेर आणलं, तोंडावरचा पदर काढला. जबड्याजवळ काही डाग होते, बाकी कातडी नवी, कोवळी. "हा रोग नाही," म्हटलं. "मलमानं भाजलं. हे पाहा." आणि डबी त्यांच्या हातात दिली.

त्या डबीकडे पाहतच राहिल्या. मग निंबाखाली येऊन बसल्या. मुलाला म्हणाल्या, "गोवर्धन, तू बाहेर जाय." तो गेल्यावर त्यांनी गालावरचा पदर सोडला. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी काळीनिळी झाली होती, मध्ये चिरा पडल्या होत्या. तसल्याच डबीतलं मलम. माडीत राहायला गेल्यावर, मोठ्या घरच्या बायकांत उठबस सुरू झाल्यावर, त्यांनीही घेतलं होतं. "लोकाईले सांगतलं का दाढ दुखते. घरच्याईलेबी तेच सांगतलं. कोनाले दाखवू?"

भगवंता, ज्या बाईनं आपल्याला दारात उतरू दिलं नाही तिच्यावर मी किती तरी बोल साठवून ठेवले होते. त्यांतला एकही आठवला नाही. मी परात ओढली आणि म्हटलं, "इकडे सरका."

वच्छलेनंच सासूच्या गालाला तूप लावलं.

पार्बताबाई रोज येऊ लागल्या. दुसऱ्या मुलीची गोष्ट त्यांनीच मोडून टाकली. परवा वाजतगाजत सुनेला घेऊन गेल्या. मी मागे थांबले होते, तू लिहिलं होतंस तशी. पण वच्छलेनं माझा हात धरला तो सोडेना. सासूनं एकदा आमच्या हातांकडे पाहिलं आणि ओवाळणीचं ताट दोघींवरून फिरवलं. मग आम्ही दोघी मिळूनच उंबरा ओलांडला.

आता ये. लेकीला भेट. माझं मात्र एवढ्यात परत येणं होत नाही. पार्बताबाईंनी कुणाच्या कानात सांगितलं, तिनं आणखी कुणाला. असल्या डब्यांनी अकोल्यात बऱ्याच बायकांची तोंडं बिघडवली आहेत, आणि त्या पदराआड लपून येतात. सरकी काढणाऱ्या बायांची फाटलेली बोटं येतात, गाडीवानांचे पाय येतात. मी आणि खातूनबी सकाळपासून अंगणात असतो. तुला रुचणार नाही, ते मला माहीत आहे. पण मी येत नाही.

तुझी बाई


चांदूर बाजार
वैशाख शुद्ध त्रयोदशी

तीर्थस्वरूप बाईच्या पायांवर डोके ठेवून भगवंताचे लिहिणे.

काल घरी पोचलो. तुझ्यासमोर चार दिवस होतो, पण जे बोलायचे ते बोललो नाही. समोर तू असलीस की मी पुन्हा पोर होतो. म्हणून लिहितो.

तुला वाटले मी त्या दिवशी दुपारी आलो. मी सकाळीच आलो होतो. गफ्फारच्या फाटकातून आत पाय टाकला आणि तुला पाहिले. अंगणात माणसांची रांग. तू निंबाखाली पाटावर बसलेली, बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत तुपाने माखलेले. एक जरीच्या पागोट्याचा व्यापारी घाईघाईने पुढे घुसला, त्याच्या बोटांना काही झाले होते. तू मान वर न करता म्हणालीस, "मांगं सरा जी. हे बाई तुमच्या आंदी आली." आणि तो मागे सरला! बाई, आमच्या ओसरीवर कुणी पुरुष आला की तू खांबाआड होत होतीस. तुझा आवाज कसा आहे हे आपल्या गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. मलाही कुठे ठाऊक होता?

मला पुढे येऊन हाक मारवेना. मी रांगेच्या शेवटी बसलो. माझ्यापुढे एक गाडीवान होता, तो म्हणाला, "नवे दिसता. भिऊ नोका, मायबाईचा हात लई हलका आहे." त्याला सांगावेसे वाटले की ही माझी बहीण. पण ज्या शाईने मी तुला ते पत्र लिहिले, ती अजून माझ्या बोटांवर आहे असे वाटत होते. सांगवले नाही.

माझी पाळी आली. तू मान खाली घालून माझा पाय ओढून घेतलास आणि भेगा चाचपल्यास. "किती फाटले रे बाबा हे. कोन्या गावाहून चालत आला?" मग तू वर पाहिलेस. पुढचे तुला माहीत आहे. धाकट्या भावाचा पाय असा हातात धरून ठेवू नये, असे मी म्हणत होतो आणि तू सोडत नव्हतीस. खातूनबी तोंड फिरवून हसत होती की डोळे पुसत होती, मला कळले नाही.

वच्छलेला पाहिले. जबड्याजवळचे डाग राहतील असे तू म्हणालीस. राहू देत. मला तर तिचा चेहरा पूर्वीहून मोठ्या माणसाचा वाटला. तिने मला एका शब्दानेही टोचले नाही, आणि तेच सोसायला अवघड गेले. जावईबापू जेवताना तिच्या ताटाकडे दोनदा पाहत होते, तिने नीट खाल्ले का म्हणून. एवढे पाहिले आणि बापाचे पोट भरले.

तुला मी निघताना चल म्हणालो. तू म्हणालीस, खातूनबीबरोबर खामगावच्या बाजाराला जायचे आहे, तिथेही गाड्यांची गर्दी आहे. मी पुन्हा चल म्हणालो नाही. आपल्या घरात मी तुला पोटाला दिले, लुगडे दिले आणि वाटत होते की सांभाळतो आहे. तुझ्यात हे सगळे होते, आणि मी तुला चुलीपलीकडे जागा दिली नव्हती. त्या पत्रातले शब्द मागे घेता येत नाहीत. तू चुलीत घातलेस, तू मोठी.

आज सकाळी चावडीवर गेलो. नत्थुजी आणि मंडळी बसली होती. नत्थुजीने सगळ्यांसमोर विचारले, "काहो भगवंतराव, बहिणीले परक्या गावात सोडून आले म्हणता? तेबी मुसलमानाच्या आंगनात?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. महिन्यापूर्वी मी मान खाली घातली असती.

मी म्हटले, "सोडून नाही आलो, नत्थुजी. तिले काम होतं. तिनंच मले घरी लावून देलं."

भगवंत